फौजेतला एक्स-रे आणि सिव्हिलमधली नोकरी

पुणे, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या गेटवर जरा वेळ उभं राहा. आडवी गाडी लावणाऱ्याला दमात घेणारा, कपड्याची इस्त्री न मोडलेला सिक्युरिटीवाला बऱ्याचदा माजी सैनिक असतो. त्यात कमीपणाचं काही नाही, कष्टाची भाकरी आहे. पण त्यांच्यातला एखादा बोलता बोलता सांगून जातो, की फौजेत आपण रेडिओग्राफर होतो, उभी नोकरी एक्स-रे काढण्यात गेली. आणि त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रात्रपाळीला चांगला टेक्निशियन मिळत नाही म्हणून विभागप्रमुख डोकं धरून बसलेले असतात. मशीन चालवणारा माणूस मशीनपासून पन्नास पावलांवर उभा राहून गाड्यांचे नंबर लिहून घेतो आहे.

असं होण्याचं कारण कसबात नाही. कसब असतं. कागद नसतो, किंवा असला तरी फौजेच्या भाषेत असतो आणि सिव्हिलवाल्याला तो वाचता येत नाही. खाजगी रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागासाठी माणसं निवडायला मी बरीच वर्षं बसतो आहे, त्यामुळे टेबलाच्या अलीकडून काय दिसतं ते सांगू शकतो. आर्मी मेडिकल कोअरचे रेडिओग्राफर, नौदल आणि हवाई दलातले रेडिओग्राफी शिकलेले मेडिकल असिस्टंट, ज्यांची पेन्शन दोन-तीन वर्षांवर आली आहे किंवा जे नुकतेच गावी परतले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

कागद युनिटमध्ये असतानाच गोळा करा

पेन्शनचा दिवस ठरलेला असतो. सिव्हिलमधल्या माणसाची नोकरी कधी जाईल हे त्याला ठाऊक नसतं, तुम्हाला तारखेसह ठाऊक असतं. एवढी मोठी सवलत हातात असून बहुतेक जण शेवटचे सहा महिने बांधकाम, मुलीचं लग्न आणि शेतातली बोअर यांत घालवतात आणि घरी आल्यावर कागद शोधायला लागतात. तोवर युनिट बदललेलं असतं, ओळखीचे साहेब पोस्टिंगवर गेलेले असतात आणि एका सहीसाठी लखनौच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार सुरू होतो.

डिस्चार्ज बुकात तुमचा ट्रेड लिहिलेला असतो, पण तेवढ्यावर खाजगी रुग्णालय नोकरी देत नाही. त्यांना कोर्सचं प्रमाणपत्र हवं असतं, सोबत गुणपत्रिका, आणि कोर्स किती कालावधीचा होता, त्यात प्रत्यक्ष काम किती होतं, कोणते विषय शिकवले, हे सांगणारा अभ्यासक्रमाचा सही-शिक्क्याचा कागद. हा शेवटचा कागद कुणीच आणत नाही आणि समकक्षता ठरवताना नेमका तोच मागितला जातो. दुसरं म्हणजे अनुभवाचं पत्र. ‘वर्तणूक उत्तम, सेवा समाधानकारक’ अशा पत्राचा इथे काडीचा उपयोग नाही. ज्या लष्करी रुग्णालयात काम केलं तिथल्या रेडिओलॉजिस्टकडून साधं पत्र घ्या: अमुक काळ, अमुक विभागात, अमुक प्रकारच्या मशीनवर काम केलं आणि या या तपासण्या स्वतंत्रपणे करतो. मशीनचं नाव आणि प्रकार त्यात हवाच.

मग नावाची भानगड. भरतीच्या वेळी कारकुनाने ‘संभाजी शिंदे’ एवढंच लिहिलेलं असतं, बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि मध्ये वडिलांचं नाव, आधारवर तिसराच क्रम, आणि हिंदी उच्चाराने इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गळालेलं. फौजेत आर्मी नंबर असतो, त्यामुळे नावावाचून काही अडत नाही. बाहेर नोंदणीचा ऑनलाइन अर्ज मात्र एका अक्षरासाठी परत येतो. सर्व्हिस रेकॉर्डमधली दुरुस्ती नोकरीत असताना होते, नंतर ती राजपत्रातून आणि प्रतिज्ञापत्रातून करत बसावी लागते.

आता नोंदणी. 2021 साली केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ या कायद्याखाली येतात, आणि केंद्र व राज्य पातळीवर अशा व्यावसायिकांच्या नोंदवह्या ठेवण्याची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रात त्याआधीपासून परावैद्यक परिषदेचा 2011 चा कायदा आहे. फौजेत डॉक्टरसाहेबांची नोंदणी असते, आपली कशाला, असा समज अजून आहे. तो सोडून द्या. यापुढे नोंदणी क्रमांक नसलेल्या टेक्निशियनला चांगली रुग्णालयं उभं करणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

इथेच एक धोका आहे. ‘फौजी आहात ना, मग दोन महिन्यांत डिप्लोमा काढून देतो, मागची तारीख टाकून’ असं सांगणारे लोक तालुक्याच्या ठिकाणी बोर्ड लावून बसले आहेत. पेन्शनचा एकरकमी पैसा आला की त्यांना वास लागतो. खऱ्या शिक्षणाचा माणूस खोट्या कागदापायी गुन्हेगार ठरतो. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तिचा अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा आहे आणि परिषद तो मानते का, हे स्वतः विचारा. पदवी हवीच असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न संस्थांतले पॅरामेडिकल अभ्यासक्रम पाहा.

बायोडाटा: मेडल खाली, मशीन वर

माझ्यासमोर येणाऱ्या फौजी बायोडाटाचं पहिलं पान साधारण एकसारखं असतं. रँक, आर्मी नंबर, मेडल, कुठकुठे पोस्टिंग, क्रॉस कंट्रीत युनिटला मिळालेला नंबर. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: ‘रेडिओग्राफर म्हणून काम केले.’ मला जे हवं ते त्या एका ओळीत दडलेलं असतं आणि तीच ओळ सर्वांत आखूड असते.

उलटं लिहा. पहिल्या चार ओळींत हे यायला हवं: साधा एक्स-रे, पोर्टेबल, सी-आर्म, सीटी, एमआरआय यांपैकी काय काय हाताळलं, सीटी किती स्लाइसचा होता, एमआरआय 1.5 टेस्लाचा की 3 चा. दिवसाला साधारण किती पेशंट. सीआर वापरलं की डीआर, पॅक्सवर काम केलं का. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म चालवला असेल तर तो ठळक लिहा. अस्थिरोगाची ऑपरेशनं करणारी छोटी रुग्णालयं सांगलीपासून नांदेडपर्यंत आहेत आणि त्यांना सी-आर्मवर शांत डोक्याने उभा राहणारा माणूस मिळत नाही. रात्री दोन वाजता पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूमध्ये नेलं असेल तर तेही लिहा.

‘हवालदार’ म्हणजे काय हे एचआरमधल्या पोरीला कळत नाही. पोलिसातला हवालदार तिच्या डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे ‘विभागातल्या चार टेक्निशियनची ड्युटी लावणे, फिल्म आणि केमिकलचा साठा सांभाळणे, मशीनच्या देखभालीचा पाठपुरावा’ असं काम लिहा. त्यालाच इथे सीनियर टेक्निशियन म्हणतात आणि त्याचा पगार वेगळा असतो. एक पथ्य मात्र पाळा: युनिटची ठिकाणं, लष्करी रुग्णांच्या प्लेट, फोनमध्ये काढलेले फोटो यांतलं काहीही बायोडाटात किंवा इंटरव्ह्यूत दाखवू नका. शासकीय गुपिते अधिनियम निवृत्तीनंतरही लागू असतो, आणि रुग्णाची प्लेट ही तशीही तुमची मालमत्ता नसते.

मशीनचं अंतर

फौज आणि एक्स-रे यांचं नातं जुनं. रॉन्टजेनने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, आणि 1897-98 च्या तिराह मोहिमेत, म्हणजे वायव्य सरहद्दीच्या डोंगरात, सर्जन-मेजर बीव्हरने एक्स-रेचं यंत्र नेऊन जखमींच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या होत्या. अंगातली धातूची वस्तू नेमकी कुठे आणि किती खोल आहे हे सांगण्याचं कौशल्य फौजेच्या एक्स-रे विभागात अजूनही मुरलेलं असतं. सिव्हिलमध्ये ते अपघात विभागात फार कामी येतं.

पण प्रामाणिकपणे बोलायचं तर सगळ्यांचा अनुभव सारखा नसतो. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये किंवा कुलाब्याच्या अश्विनीमध्ये राहिलेल्या माणसाने सीटी, एमआरआय सगळं पाहिलेलं असतं. लहान लष्करी रुग्णालयात आणि फील्डमध्ये आयुष्य गेलेल्याने मात्र रिक्रुटांच्या छात्या आणि धावून धावून तडकलेल्या नळीच्या हाडांचे एक्स-रे हजारांनी काढलेले असतात, सीटीची गॅन्ट्री लांबून पाहिलेली असते. खाजगी क्षेत्रात आज पगार सीटी आणि एमआरआयवर ठरतो. नुसत्या साध्या एक्स-रेवर नोकरी मिळते, पण पगार पाहून गेटवरची नोकरी बरी वाटायला लागते.

म्हणून शेवटचं पोस्टिंग मागताना घराजवळचं ठिकाण एवढाच निकष ठेवू नका. जिथे सीटी-एमआरआय आहे तिथे एक वर्ष मिळालं तर पुढच्या वीस वर्षांचा पगार बदलतो. ते जमलं नाही तर बाहेर येऊन शिका. इथे पेन्शनरला एक ताकद असते जी एकवीस वर्षांच्या नव्या पोराकडे नसते: घर चालतं. वर्दळीच्या सीटी सेंटरमध्ये सहा महिने, वर्षभर कमी पगारावर शिकाऊ म्हणून राहण्याची ऐपत तुमच्यात आहे. शिकवणारा मुलगा वयाने निम्मा असेल आणि तुम्हाला ‘काका, असं नाही, असं’ म्हणेल. हे ज्याला पचतं तो टिकतो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्यांना हे जड जातं, असं माझं निरीक्षण आहे. नाईक-हवालदार लवकर रुळतात.

एमआरआयबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. एमआरआयचं चुंबक चालू-बंद होत नाही, ते कायम चालू असतं. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. आमच्या विभागात नवीन माणसाला पहिला आठवडा मशीनला हात लावू देत नाहीत. दारात उभं करून पेशंटला प्रश्न विचारायला लावतात. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, हे प्रश्न सगळेच विचारतात. ‘कामाला कुठे आहात?’ हा प्रश्न थोडेच विचारतात. भोसरी-चाकणला लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला असू शकतो आणि चुंबकात तो हलला तर डोळा जातो. शंका असेल तर आधी डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे. फौजी माणसाला हे लगेच पटतं, कारण स्प्लिंटर अंगात घेऊन वर्षानुवर्षं फिरणारे जवान त्याने पाहिलेले असतात.

समोरचा पेशंट जवान नाही

मशीनपेक्षा हा बदल मोठा आहे, आणि त्याचं प्रशिक्षण कुणी देत नाही.

फौजेत छातीचा एक्स-रे म्हणजे बनियन काढलेला तरुण प्लेटला छाती लावून उभा राहतो, ‘साँस लो, रोको’ म्हटलं की खरोखर रोखतो. आता समोर सत्तरीची आजी येते. लुगडं, त्यावर स्वेटर, गळ्यात मंगळसूत्र आणि काळ्या दोऱ्यातला ताईत, ब्लाउजला तीन सेफ्टी पिना. मंगळसूत्र काढायला ती तयार नाही. अशा वेळी दमदाटी केली तर नातेवाईक जमा होतात, आणि तसाच एक्स-रे काढला तर नेमकी वाटी फुफ्फुसाच्या सावलीवर येते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर तोंडात धरायला किंवा मागे पाठीवरून वर सारून खांद्याच्या वर न्यायला सांगायचं, हे आमच्या मावशी शिकवतात, पुस्तकात नसतं. वेणीचंही तसंच. जाड, घट्ट वेणी खांद्यावरून पुढे आली की फुफ्फुसाच्या टोकावर अशी सावली पडते की नवशिका डॉक्टर टीबीची शंका घेतो. वेणी वर बांधायची. आणि ‘रोखा’ म्हटलं की आजी मान हलवते, पण श्वास चालूच असतो. पोटाकडे पाहत राहायचं, ते थांबलं की बटण.

तरुण बाईचा पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असेल तर पाळी कधी आली होती हे विचारावंच लागतं. दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना कळवून थांबायचं. फौजेत जवळजवळ सगळी नोकरी पुरुष पेशंटांमध्ये गेलेल्या माणसाची इथे जीभ अडखळते आणि मग तो विचारतच नाही. असं करू नका. नर्सला किंवा मावशींना सोबत घ्या, दार पूर्ण लावू नका, सरळ आवाजात ‘ताई, पाळी चुकली आहे का?’ असं विचारा. बायकांना हा प्रश्न विचारलेला आवडत नाही हा पुरुषांचा गैरसमज आहे.

नातेवाइकांचं ओरडणं हा रोजचा भाग. फौजेत आवाज चढवणारा वरचा असतो. इथे आवाज चढवणारा पेशंटचा मेहुणा असतो आणि त्याच्या हातात मोबाइल सुरू असतो. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, पण तो नंतरचा. त्या क्षणी फौजी आवाज लावू नका, वरिष्ठांना बोलवा.

दोन नियम ज्यांत माफी नाही

पहिला सोनोग्राफीचा. लष्करी रुग्णालयात रेडिओलॉजिस्टच्या शेजारी उभं राहून कित्येकांना प्रोब बरा हाताळता येतो. बाहेर गर्भवतीची सोनोग्राफी टेक्निशियनने करायची नाही, म्हणजे नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा 1994 चा, आणि 2003 पासून तो अधिक कडक झाला. मशीन नोंदलेलं, जागा नोंदलेली, डॉक्टर नोंदलेला आणि प्रत्येक गर्भवतीचा एफ फॉर्म भरलेला, असं सगळं लागतं. ‘फक्त पोझिशन बघून ठेवा, सर येतात’ असं सांगणाऱ्या सेंटरमधून त्याच दिवशी बाहेर पडा. छाप्यात सर सुटले नाहीत तरी तुम्ही आधी अडकता आणि पेन्शनरच्या गावात ती बातमी लपत नाही.

दुसरा किरणोत्साराचा. देशातल्या प्रत्येक एक्स-रे मशीनवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची नजर असते. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या ई-लोरा या पोर्टलवर मशीनची नोंद किंवा परवाना लागतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारा: ‘माझा टीएलडी बॅज कधी मिळेल?’ छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आतून लावायचा हा बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. कामगारासाठी पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट, अशी मर्यादा आहे. फौजेतला तुमचा जुना डोस शून्य धरून नव्याने सुरुवात करायची नसते, म्हणून तिथली नोंद सोबत घेऊन या. लहान गावांतल्या काही सेंटरमध्ये बॅज ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, ॲप्रन भेगाळलेला असतो आणि ‘काही होत नाही हो’ असं उत्तर मिळतं. सियाचीनला गेलेला माणूस अशा ठिकाणी शूरपणा दाखवत बसतो. किरणांना शौर्य कळत नाही.

सरकारी वाट आणि इतर वाटा

राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये 10 आणि गट ड मध्ये 20 टक्के. वयात सवलत मिळते. सार्वजनिक आरोग्य विभाग, महापालिका, रेल्वे, ईएसआयसी यांच्या जाहिरातींत रेडिओग्राफर किंवा क्ष-किरण तंत्रज्ञाची पदं येतात. तिथे एक गैरसमज फार नडतो. पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक पास सैनिकाला काही पदांसाठी पदवीधरासारखं धरतात हे खरं, पण ती सवलत तांत्रिक शिक्षण मागणाऱ्या पदांना लागू पडत नाही. डिप्लोमा मागितला असेल तर डिप्लोमाच लागतो. जाहिरातीतली अर्हतेची ओळ दोनदा वाचा.

केंद्राच्या भरतीसाठी निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना अर्ज करता येतो. आणि आरक्षणाचा लाभ घेऊन एकदा केंद्राच्या नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीत तो पुन्हा सहसा मिळत नाही. मात्र रुजू होण्याआधीच इतर ठिकाणी अर्ज केलेले असतील तर त्यांची यादी रुजू होतानाच लेखी देऊन ठेवायची. ही यादी न दिल्यामुळे शिपायाच्या पदावर अडकून पडलेले रेडिओग्राफर आहेत. घाईने मिळेल ते पद घेऊ नका.

घरी आल्यावर पहिलं काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवण्याचं. पुण्यातल्या माजी सैनिक महामंडळाकडेही, म्हणजे मेस्कोकडे, चौकशी करा, पण ‘मी रेडिओग्राफर आहे’ हे तिथे ठासून सांगा, नाहीतर अर्ज आपोआप सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात जातो. दिल्लीच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या निवृत्तीपूर्व कोर्सांचंही तसंच. सगळे घेतात तो कोर्स घेण्याऐवजी रुग्णालय व्यवस्थापनाशी किंवा संगणकाशी संबंधित काही मिळतं का ते पाहा. 2003 मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये रेडिओग्राफर कंत्राटी पद्धतीने घेतात आणि माजी सैनिकांना प्राधान्य असतं. पगार मध्यम, काम ओळखीचं, पेशंटही ओळखीचे. पहिली दोन वर्षं स्थिरावण्यासाठी जागा चांगली, पण कंत्राट हे कंत्राटच.

रुग्णालयाबाहेरही मागणी आहे. कारखान्यांची वार्षिक आरोग्य तपासणी करणाऱ्या व्हॅनना आणि क्षयरोग शोधमोहिमेच्या शिबिरांना उन्हातान्हात, विजेच्या भरवशाशिवाय मशीन चालवणारा माणूस लागतो. फील्ड हॉस्पिटलवाल्याइतका लायक उमेदवार दुसरा कोण? सीटी-एमआरआय विकणाऱ्या कंपन्या नवीन मशीन बसवल्यावर तिथल्या टेक्निशियनला शिकवायला माणसं ठेवतात. त्याला इंग्रजी आणि फिरतीची तयारी हवी. वेल्डिंग आणि कास्टिंगची क्ष-किरणांनी तपासणी हे क्षेत्र पिंपरी-चिंचवडपासून कोल्हापूरच्या फाउंड्रींपर्यंत पसरलं आहे, पण त्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र पूर्ण वेगळं आहे. माणसाच्या एक्स-रेच्या जोरावर इरिडियमच्या स्रोताला कुणी हात लावू देणार नाही.

आखातात आणि ब्रिटनमध्ये मागणी आहे. तिथे आधी कागदांची पडताळणी आणि परवाना, मग नोकरी. ब्रिटनमध्ये रेडिओग्राफरला एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि ती पदवीच्या तोडीचं शिक्षण पाहते. एजंटला पैसे देण्याआधी आपला डिप्लोमा तिथे चालतो का, हे त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

स्वतःचं एक्स-रे सेंटर टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. रिपोर्टवर सही रेडिओलॉजिस्टचीच हवी, मशीनची मंजुरी हवी, खोलीच्या भिंती आणि दार नियमात बसायला हवं. तालुक्याच्या ठिकाणी, प्लेट ऑनलाइन पाठवून रिपोर्ट मागवण्याची सोय करून हे चालतं. पण कम्युटेशनची सगळी रक्कम मशीनमध्ये घालण्याआधी त्याच गावातल्या अस्थिरोग डॉक्टरांकडे वर्षभर नोकरी करून पेशंट किती येतात ते बघा.

अग्निवीरांसाठी वेगळं सांगतो. 2022 च्या योजनेत चार वर्षांनंतर 75 टक्के मुलं बाहेर येणार आहेत आणि त्यांना पेन्शन नाही. वैद्यकीय शाखेत गेलेल्या मुलाला चार वर्षांत पूर्ण रेडिओग्राफर होण्याइतकं शिक्षण मिळेलच असं गृहीत धरू नका. बारावी विज्ञान असेल तर बाहेर आल्यावर सेवा निधीतला थोडा भाग रीतसर पदवीसाठी वेगळा काढा. वय बावीस-तेवीस असतं, वेळ आहे.

तुमची निवृत्ती दोन वर्षांच्या आत असेल तर या आठवड्यात दोन अर्ज टाका: एक अभ्यासक्रमाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीसाठी, दुसरा आतापर्यंतच्या डोसच्या नोंदीसाठी. आणि गावी आल्यावर ओळखीच्या माणसाने सिक्युरिटी एजन्सीचा नंबर दिला तर त्याला हो म्हणण्याआधी त्याच हॉस्पिटलच्या रेडिओलॉजी विभागात जाऊन विचारा, जागा आहे का. बहुतेक वेळा असते.